शाईची पुडी

गेल्या श्रावणांतील गोष्ट. कॉलेजांतून घरीं येतांच आजीनें मला हाक मारिली. ती माझ्या नांवानें नव्हे, तर लहानपणींच वारलेल्या तिच्या धाकट्या भावाच्या नांवानें. अलीकडे तिला असा विसर पडतो. पदराची गांठ सोडून तिनें एक नाणें माझ्या हातांत ठेविलें व म्हणाली, "जा, शाईची पुडी घेऊन ये. नाहींतर मास्तर रागावतील."

मला हसूं आलें. परीक्षेव्यतिरिक्त लेखणी हातीं न धरणारा मी विद्यार्थी! रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाईलवर दहा ओळी लिहिल्या व समाजमाध्यमावर टाकिल्या. काचेवर बोट फिरविणाऱ्या नातवास आजीनें शाई आणावयास पाठविलें, अशी ती गंमत. सकाळपर्यंत पसंतीचे ७०० अंगठे जमा झाले. दर तासाला, नव्हे, खरें सांगावयाचें तर दर पांच मिनिटांनीं, मी तो आंकडा पाहत होतों. त्या दिवशीं वर्गांत काय शिकविलें, हें मला आजही सांगतां येणार नाहीं.

दोन दिवसांनीं नागपुराहून आजीच्या भाचीचा फोन आला. तिनें तें वाचलें होतें व हसत हसत आजीस सांगितलें. फोन ठेवून आजी बराच वेळ देवघरापाशीं बसून राहिली. मी जवळ गेलों तेव्हां एवढेंच म्हणाली, "खोटें कांहीं लिहिलें नाहींस रे. पण अर्धेंच कां लिहिलेंस?"

तो प्रश्न वर्मीं लागला. कारण उरलेलें अर्धें मला ठाऊक होतें. नाणें दिल्यावर क्षणभरानें ती भानावर आली होती आणि तिनें मला सांगितलें होतें कीं, लहानपणीं तिच्या हातून भावाची दौत लवंडली. तो शाळेंत छड्या खाऊन आला, परंतु बहिणीचें नांव त्यानें कोणास सांगितलें नाहीं. त्याच वर्षीं तो तापानें गेला. शाई आणून द्यावयाची राहिली ती राहिलीच. हें सर्व लिहावयास आणखी वीस ओळी लागल्या असत्या, आणि वीस ओळी वाचावयास कोण थांबणार? असा हिशेब करून मीं तो भाग गाळिला.

हा हिशेब माझ्या एकट्याचा नव्हे. २००६ सालीं अझा रास्किन यांनीं पानाचा शेवटच नाहींसा करणारी युक्ति काढिली. बोट सरकवीत जावें, मजकूर येतच राहतो. पुढें त्यांनींच तिजबद्दल खेद व्यक्त केला. २००९ सालीं फेसबुकनें पसंतीची कळ आणिली आणि प्रत्येक मजकुरापुढें जणूं तराजू टांगला गेला. सरकतें बोट थांबविणें हाच लेखनाचा हेतु झाला, म्हणजे चटकन हसविणारें तेवढेंच उरतें. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकांत शतपत्रें लिहितांना लोकहितवादींनीं आपल्याच समाजास किती कटु सुनाविलें! रोज सकाळीं अंगठे मोजण्याची सोय त्यांस असती, तर तीं पत्रें तशींच उतरलीं असतीं काय? तथापि सर्व दोष यंत्राच्या माथीं मारणें बरें नव्हे. कात्री माझ्याच हातांत होती.

तो मजकूर मीं काढून टाकिला. लिहिणें मात्र सोडिलें नाहीं. अनोळखी वाचकांपर्यंत पोंचविणारें हें साधन मला प्रिय आहे. दोन नेम तेवढे केले आहेत. घरांतील माणसाविषयीं लिहिलेलें प्रथम त्यासच वाचून दाखवावयाचें. आणि लेख प्रसिद्ध केल्यावर मोबाईल रात्रभर दिवाणखान्यांत ठेवावयाचा. दुसरा नेम अजून नीटसा पाळतां येत नाहीं.

हा लेखही आजीस वाचून दाखविला. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटीं म्हणाली, "दौत लवंडली नव्हती. मीं रागानें उपडी केली होती. तें तसेंच लिही."

तें तसेंच लिहिलें आहे.