राणीच्या नावाची बाग

फाल्गुनात आम्ही कासुर्डीची मंडळी उरुळी कांचन, हडपसरवरून पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला गेलो. वाटेत पळस फुललेला, बागेत बोगनवेल. 39 एकरांची ही बाग मुळात गोऱ्या सैनिकांची, ‘सोल्जर्स गार्डन’. पुढे तिला व्हिक्टोरिया राणीच्या पदवीचे नाव मिळाले. 1892 पासून ती अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे. आज तिकीट काढून कोणीही आत जातो.

आमच्यातल्या बहुतेक भगिनी रोजाने खुरपायला जाणाऱ्या. एकीने वाफ्यातली हरळी सवयीने उपटली.

“अगं, आज सुट्टी हाय!” दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या, झाडाखाली पाय पसरून निवांत बसल्या. (असे बसलेले आम्ही त्यांना गावात क्वचितच पाहिले.)

फुलांची नावे त्यांनी नंतर विचारली. आधी पाणी घालणाऱ्या बाईला विचारले, “रोज किती पडतो गं?”