गुरूची विद्या कुणाला?

तीमथ्याचं उत्तर कुठंच सापडत नाही, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. पौलानं त्याला लिहिलेली दोन पत्रं नव्या करारात आहेत. पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, तरुण आहेस म्हणून कुणी तुला कमी लेखता कामा नये, असं कायकाय त्यात आहे. पोरानं उलट काय कळवलं? आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर वाक्यं पुरवतो आणि लोक ऐकतात ते नटाचं. इथे प्रॉम्प्टरची वही तेवढी उरली, नट मुकाच.

‘गुरूची विद्या गुरूला’ असं आपण म्हणतो ते बहुधा कुत्सितपणे, शिकवलेला डाव शिकवणाऱ्यावरच उलटला की. पण नुसत्या ‘होय जी’ म्हणणाऱ्या चेल्यापाशी विद्या राहते तरी का? की डाव उलटेपर्यंत ती दिली गेलीच नाही म्हणायचं?

नीलकंठशास्त्री गोरे काशीत वाढले. मिशनऱ्यांना खोडून काढायला निघालेला हा पंडित १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाला. पुढे ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून त्यांनी सहाही दर्शनांचं खंडन केलं, तेही काशीतच कमावलेल्या तर्काच्या बळावर. म्हण इथे तंतोतंत लागू पडते. १८७०च्या सुमारास हेच गोरे मिशनच्या कामासाठी आमच्या चांद्यात होते. गोंडराजांच्या परकोटाआड, वैशाखाच्या उन्हात, ते वाद घालत असतील तरी कुणाशी? बहुतेक स्वतःशीच. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नव्हती. ज्या तर्कानं दर्शनं खोडली तो नव्या श्रद्धेलाही सुखानं बसू देईना. मग ही विद्या नेमकी कुठल्या गुरूला गेली?

गोऱ्यांच्याच लेखनानं पंडिता रमाबाईंना ख्रिस्ताकडे ओढलं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. या लेकीनं मात्र धर्ममातेला पत्रांमागून पत्रं लिहून हैराण केलं. त्रैक्य मला पटत नाही, माझ्या सदसद्विवेकावर दुसऱ्या कुणाचा ताबा नको, असा सूर. आणि ही पत्रं जपून ठेवली कुणी, तर जेराल्डिननीच. आपल्याला न ऐकणाऱ्या शिष्येचा शब्द गुरूनं सांभाळला. पौलानं तीमथ्याची पत्रं फेकून दिली असतील, असं मात्र मला म्हणवत नाही. कैदेतला माणूस कुठे कुठे काय सांभाळणार!

त्यातही एक मेख आहे. तीमथ्याला लिहिलेली ही दोन पत्रं पौलाची नव्हेतच, मागाहून त्याच्या परंपरेतल्या कुणी त्याच्या नावानं लिहिली, असं अनेक अभ्यासक मानतात. आपल्याला यात नवल वाटू नये. नामदेवांच्या गाथेत दुसऱ्या ‘नाम्यां’चे अभंग मिसळलेच आहेत. पण दुसऱ्या पत्रात एक बारीकसा निरोप आहे: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, हिवाळ्याआधी ये. हे कुणी रचून लिहील? आणि रचलं असेल, तर गुरूला थंडी वाजत असेल हे ज्याच्या मनात आलं, तो शिष्य कसा असेल?

त्याच पत्राच्या सुरुवातीला तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं येतात. विश्वास आधी तुझ्या आजीत होता, मग आईत, असा त्याचा भाव. म्हणजे पौल तीमथ्याच्या गावी, लुस्त्राला पोचला तेव्हा पोरगा घरातच निम्मा घडलेला होता. रमाबाईंचंही तेच. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटलं आणि तिथे जन्मलेल्या या मुलीला संस्कृत दिलं ते मुख्यतः आईनं, लक्ष्मीबाईनं. तिचं स्वतःचं लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. लोईसचं तर एका नावापलीकडे काही उरलेलं नाही. मी इतका वेळ तीमथ्याच्या उत्तराची वाट पाहतोय, तर या दोघींना कुणी पत्र तरी लिहिलं होतं का?

गुरूची विद्या गुरूला, हे मान्य करायला मी जवळजवळ तयार झालो होतो. पण आजीची विद्या कुणाला जाते, याला आपल्याकडे म्हणच नाही. ती गरज कुणाला पडली नाही, की ती विद्या परत करायची असते हेच कुणाच्या लक्षात आलं नाही, ते मला ठरवता येत नाही.