गडाचे वारस

'वारसा' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तलाठ्याच्या तोंडून. घरातलं कर्तं माणूस गेलं की दिवसकार्य उरकून भाऊबंद दाखला घेऊन चावडीवर जायचे. वारस नोंद व्हायची, फेरफार पडायचा, सातबाऱ्यावर पोरांची नावं चढायची. त्याच कागदावर सोसायटीचा बोजाही असायचा. जमीन माझी आणि कर्ज म्हाताऱ्याचं, असं म्हणायची सोय नव्हती. आजा हे एका वाक्यात सांगायचा, "हिस्सा घेनाऱ्यानं सुतक बी धरावं."

११ जुलै २०२५ ला बातमी आली की मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपले अकरा आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आमचं गाव राजगडाच्या पायथ्याचं. पोरांनी गुलाल उधळला, पेढे वाटले. मलाही आनंद झाला. पण पेढा खाताना आज्याचं ते वाक्य आठवलं. गडाला एवढे वारस झाले, आता सुतक कोण धरणार?

हा आधी मुरुंबदेवाचा डोंगर. शिवाजीमहाराजांनी तो बांधून काढला, राजगड नाव दिलं आणि रायगडाला जाईपर्यंत राज्याचा कारभार इथून केला. १६५९ साली सईबाई इथंच गेल्या. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, बारा राहिले, त्यात राजगड होता. आग्र्याहून सुटून महाराज आले ते याच गडावर. १६७० साली राजाराममहाराज इथं जन्मले आणि पुढं त्यांनीच जिंजीच्या आसऱ्यानं सात-आठ वर्षं राज्य तगवलं. यादीतला दूरचा बारावा किल्ला आमच्या गडाला असा सोयऱ्यासारखा लागतो.

लहानपणी यातलं आम्हाला फारसं ठाऊक नव्हतं. गड म्हणजे गुरं चारायची जागा. सुवेळा माचीच्या नेढ्यातून ढग आरपार जायला लागले की आई वाळवणं आत घ्यायची. कुडासाठी कारवी गडाच्या उतारावरची, नवरात्रात पहिली माळ पद्मावतीला. दसऱ्याचं सोनं आधी तिच्या पायाशी, मग घरात.

आज्याचा गडावर हक्क होता तो राखणीचा. जुन्या काळी गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस असायचे. पण गड जागता राहायचा तो खालच्या माणसांवर. उतारावर चौक्या असायच्या, त्यांना मेट म्हणायचे. रामोशी, महार, कोळी, मांग, मराठे, जो तो आपापल्या वाटेची राखण करायचा आणि त्याबद्दल त्याला जमीन नाहीतर धान्य मिळायचं. पायथ्याच्या या वस्तीला घेरा म्हणत. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही गावांची नावं आजही सरकारी कागदावर आहेत. गडावरच्या सदरेचे चौथरे पाहायला माणसं येतात, मेटाची जागा दाखवा म्हणून कुणी येत नाही. दाखवायला तिथं चार दगड आणि एक उंबर एवढंच आहे.

१८१८ नंतर इंग्रजांनी कितीतरी गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगानं उडवले, गडावरची शिबंदी मोडली. राजगड भोरच्या पंतसचिवांकडं राहिला. भोर संस्थान १९४८ साली विलीन झालं. आज्यानं दोन्ही अंमल पाहिले. राज्यं बदलली तरी गडावरची टाकी साफ करायचं काम गावाकडंच राहिलं. तसा कुणाचा हुकूम नव्हता. वैशाखात लग्नसराई सरली की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन वर जायचा. टाक्यातला गाळ उपसायचा, काठाला आलेलं झाड मुळासकट काढायचं, कारण मूळ कातळात शिरलं की टाकं फुटतं. दुपारी पद्मावतीपुढं भाकरी सोडायच्या. कुणाला मजुरी नाही, फक्त नारळाचा प्रसाद.

पुढं कॉलेजात गेल्यावर रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' वाचलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा ग्रंथ. त्यात गडांवर सबंध प्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावं, पाणी नसेल तर कातळ फोडून टाकी करावीत, एकाच झऱ्यावर विसंबू नये, असं सांगितलंय. आणखी एक गोष्ट वाचून मी थांबलोच. गडावर केरकचरा पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली टाकू नये, जागच्या जागी जाळावा आणि राख परसात घालून भाजीपाला करावा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गाव जे अडाणीपणानं करत होतं, ते तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकारभाराच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं.

काही वर्षांपूर्वी गावात एक सभा झाली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी चांगलं भाषण केलं. शेवटी म्हणाले, "स्थानिकांमध्ये वारशाची जाणीव निर्माण केली पाहिजे." माझे थोरले चुलते पुढंच बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, पायात वहाण नाही. ते उठले. "सायेब, रागावू नगा. संजीवनीवरचं कुठल्या टाक्यातलं पानी वैशाखात ऱ्हातं, ते ठावं हाय का तुमास्नी?" पाहुणे हसून नाही म्हणाले. "मला ठावं हाय. पन आजवर कुनी इचारलं न्हाई. तुमी इचारा, मी सांगतो. आन् मला न्हाई ठावं ते तुमी सांगा. म्हंजे दोगांस्नी जानीव हुईल."

माणूस भला होता. भाषण बाजूला ठेवून त्यांनी वही काढली. तासभर चुलते सांगत होते आणि ते लिहीत होते. कुठल्या टाक्याचं पाणी बाळंतिणीला आणायचे, कुठलं फक्त गुरांचं, आषाढात कुठली वाट निसरडी, कुठल्या तटात भुजंग राहतो. चुलते पुढच्याच वर्षी गेले. ती वही नसती तर टाकी राहिली असती, त्यांच्या खुणा गेल्या असत्या.

गाव धुतल्या तांदळासारखं आहे असं मी म्हणणार नाही. ढासळलेल्या तटाचे घडीव दगड गोठ्याच्या पायात गेलेत, गडागडाखाली गेलेत. गवत चांगलं यावं म्हणून उतारावर वणवे लावले जायचे. गुप्तधनापायी लोकांनी जोती उकरली. गड कायद्यानं संरक्षित झाला, त्याला आता कुणी हात लावू शकत नाही, हे बरंच झालं.

पण त्या कायद्याखाली टाकं उपसायलाही परवानगी लागते. लागावीच, कारण गाळात काय दडलंय ते जाणकारानंच पाहावं. अडचण एवढीच की परवानगी कुणी मागायची हे ठरलेलं नाही. गावाला वाटतं, गड आता सरकारचा. शनिवार-रविवारी येणाऱ्यांना वाटतं, गड महाराजांचा. सरकारकडं साडेतीनशेच्या वर किल्ल्यांची रांग. या तिघांत वैशाख येतो आणि जातो.

माझी वहिनी चोर दरवाजाच्या अवघड वाटेनं दह्याची मडकी डोक्यावर घेऊन चढते. पोरं दही खातात, "मावशी, भारी!" म्हणतात, फोटो काढतात. पाण्याची रिकामी बाटली तटावरून खाली भिरकावणाराही त्यांच्यातलाच असतो. आणि उतरताना दह्याच्या रिकाम्या मडक्यात बाटल्या भरून खाली आणणाराही. वहिनी दोघांनाही ओळखते. पहिल्याला ती ओरडते, दुसऱ्याला ताक फुकट देते. गडाचा एवढा कारभार सध्या तिच्या हाती आहे.

यादीत नाव चढलं म्हणजे फेरफार झाला. आता बोजा वाटून घ्यायचा आहे. माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक गडाच्या घेऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून टाकी, वाटा, मेटं यांची नावं लिहून घ्यावीत, ती माणसं आहेत तोवर. गाळ काढायचा दिवस जाणकाराच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू व्हावा. त्यात घेऱ्यातल्या घरटी एका माणसाला बोलावणं जावं आणि पुण्या-मुंबईच्या पोरांनाही. त्या रानात कुणाला गडाचा सगळा इतिहास पाठ असण्याची गरज नाही. फावडं धरता आलं आणि काठाचं झाड मुळासकट काढता आलं, तरी वारसांत नाव लागायला तेवढं पुरेसं आहे.