वरचं पाणी, खालचं पाणी

समुद्री टाकी पहिल्यांदाच लावणारा माणूस कुठले मासे ठेवू, कुठलं प्रवाळ आणू असं विचारेल, असं आपल्याला वाटतं. तो विचारतो भलतंच. दिवाणखान्यात काचेची टाकी, तिच्याखालच्या कपाटात दुसरी टाकी, म्हणजे संप. संपातला पंप पाणी वर चढवतो आणि पाइपांतून ते परत खाली येतं. मग पंप ताशी 1,800 लिटर चढवत असेल आणि पाइपातून 1,700 च उतरत असतील, तर तासाभरात 100 लिटर खारं पाणी लाकडी फरशीवर येणार नाही का?

गुणाकार-वजाबाकी बिनचूक आहे. चुकतं ते गृहीतक. खाली येणारा पाइप काही ठरावीक मापानं पाणी सोडणारा नोकर नव्हे. या भीतीपोटी उतरणाऱ्या पाण्यालाही पंप लावायचे बेत करणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांना मी हात जोडून थांबवलंय. एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातून निघालेले दोन पंपही सारखं पाणी देत नाहीत. एक टक्क्याचा फरक पडला तरी ताशी 18 लिटर. सकाळपर्यंत एक टाकी भरून वाहते आणि दुसरी कोरडी पडते. दोन यंत्रांची जोडी जमवायला गेलं की ती जमत नाही. एक यंत्र आणि एक गुरुत्वाकर्षण, ही जोडी मात्र जमलेलीच असते.

टाकीच्या मागच्या काचेला एक कप्पा असतो आणि त्याच्या काठावरून पाणी आत सांडतं. गावच्या बंधाऱ्याचा सांडवा जसा, तसाच हा काठ. वरून जास्त पाणी आलं की सांडव्यावरचा थर जाड होतो, कमी आलं की पातळ. काठ सपाट आणि 40 सेंटिमीटर लांब असेल, तर ताशी 1,800 लिटरांना साधारण 8 मिलिमीटरचा थर पुरतो. पाणी दुप्पट केलं तरी तो 12 मिलिमीटरच्या आसपास जातो. पंप जेवढं देईल तेवढंच उतरणार. कप्प्यातल्या पाइपांची ताकद पंपापेक्षा जास्त असली म्हणजे झालं, बाकीचा ताळमेळ पाणी स्वतःच घालतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती नवख्याला चक्रावून टाकते. वरच्या टाकीची पातळी कधी हलतच नाही. बाष्पीभवनानं पाणी रोज उडतं, पण ती तूट दिसते फक्त संपाच्या शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात. टाकीत काय चाललंय ते कळायचं तर मासे सोडून कपाटातल्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात बघावं लागतं. मीठ उडत नाही, म्हणून तिथे भर घालायची ती गोड्या, आरओच्या पाण्याची.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरी आलेले पाहुणे विचारतात. प्रवाळ हा एका जागी चिकटून बसलेला प्राणी आहे. त्याचं अन्न, त्याचा प्राणवायू पाण्यानं आणून द्यायचा आणि त्याची घाणही पाण्यानंच न्यायची. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर प्रवाळ आहे. तिथे हे काम अरबी समुद्र करतो. (ते प्रवाळ पाहून भारतातल्या भाचरांना लगेच टाकी लावायची असते. त्यांना मी सांगतो की दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो नाद सोडा.) इथे न्यू जर्सीत माझ्या टाकीत लाटांचं काम आतले छोटे प्रवाहपंप करतात, ताशी टाकीच्या वीसपट, तीसपट पाणी घुसळतात. संपाच्या पंपाचं काम वेगळं आहे. पृष्ठभागावरची तेलकट साय काठावरून ओढून खाली नेणं, ती फेसाबरोबर घाण काढणाऱ्या स्किमरपुढे ठेवणं आणि हीटरची ऊब वर आणणं, एवढंच. त्याला टाकीच्या तीन ते पाचपट वेग भरपूर झाला. 360 लिटरांच्या टाकीला 1,800 म्हणजे वरची हद्द. पूर्वी दहापट, पंधरापट चालवायची पद्धत होती. मोठा पंप घेतला म्हणजे टाकी निरोगी, या समजुतीनं लोकांना आवाज, बुडबुडे आणि विजेचं बिल यापलीकडे फारसं काही दिलं नाही, असं माझं मत आहे.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढण आणि दोन-तीन एल्बो आले की त्यातला निम्मा गेला तरी नवल नाही. म्हणून आकडा वाचू नये, मोजावा. परतीच्या पाइपाचं तोंड बादलीत धरायचं आणि घड्याळ बघायचं. 10 लिटरांची बादली 20 सेकंदांत भरली की झाले ताशी 1,800. फोनवर लिटर दाखवणारे पंप आले आहेत, पण माझा विश्वास अजून बादलीवर आहे.

आता खरी अडचण. ताळमेळ आपोआप बसतो हे खरं, पण तो गप्प बसत नाही. साध्या उघड्या पाइपात पाणी आणि हवा दोन्ही एकमेकांना ढकलत उतरतात. त्याची गुडगुड, घुसमट, मध्येच मोठा घोट घेतल्यासारखा आवाज. रिचर्ड डर्सो यांनी पाइपाचं तोंड वळवून आणि टोपीला हवेचं भोक ठेवून हा आवाज बराच कमी केला. त्यांच्या नावाचा पाइप अजून पुष्कळ टाक्यांत आहे. माझ्याकडेही होता. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा मध्यरात्री उठून न्हाणीघर, स्वयंपाकघर, सगळे नळ पिळून आली. "नळ चालू राहिलाय का रे कुठे?" टाकीचा आवाज आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग ही बंद कर रात्रीची."

आवाज हवेचा असतो, पाण्याचा नव्हे. पाइप काठोकाठ पाण्यानं भरून, हवेचा एकही बुडबुडा न घेता वाहू लागला की तो सायफन होतो आणि मुका होतो. पण सायफन फार हावरा. 75 सेंटिमीटर उतार असलेला 1 इंची पाइप, घर्षण नाहीच असं धरलं तर, ताशी साडेसहा हजार लिटरांवर पाणी ओढेल. एल्बो, जाळी, पाइपाच्या भिंती यांत बरंच जातं, तरी उरतं ते 1,800 च्या वरच. मग तो कप्पा पंपापेक्षा लवकर रिकामा करतो, तळाशी हवा ओढतो, तुटतो, पुन्हा भरतो, पुन्हा तुटतो. दर मिनिटाला कोणी फ्लश ओढावा तसा आवाज. म्हणून सायफनच्या पाइपावर व्हॉल्व्ह बसवून त्याचं तोंड आवळायचं आणि शेजारी एक मोकळा पाइप आणीबाणीसाठी ठेवायचा. अमेरिकेतल्या छंदिष्टांत ही रचना हर्बी नावानं चालते. तिच्यात तिसरा पाइप आला की ती बीनॲनिमल. दोन्ही नावं ती रचना मांडणाऱ्यांच्या टोपणनावांवरून पडली.

व्हॉल्व्ह फिरवायला बसलं की कळतं, पंप आणि पाइप जुळवायचे म्हणजे काय. सायफनमधून किती पाणी जाईल हे उताराच्या वर्गमुळावर ठरतं. कप्प्यातली पातळी 5 सेंटिमीटर वर आली, तर 75 चा उतार 80 झाला, आणि पाणी वाढलं जेमतेम 3 टक्क्यांनी, ताशी 60 लिटर. काठावरचा थर लवचीक असतो, आवळलेला सायफन ताठर. तुम्ही व्हॉल्व्ह कितीही नाजूक हातानं लावा, पंपाचं पाणी 4 टक्क्यांनी हललं की पातळी एक तर चढत जाणार नाही तर घसरत. तासभर तंतोतंत जुळलेली टाकी मी पाहिली आहे, आठवडाभर जुळून राहिलेली नाही.

यावरचा उपाय सोपा आहे, आणि तो तीन पाइपांच्या रचनेत आहे. सायफन काकणभर कमी ठेवायचा. पंच्याण्णव टक्के पाणी तो नेतो. उरलेली बारीक धार दुसऱ्या, उघड्या पाइपातून भिंतीला चिकटून आवाज न करता उतरते. पंप वाढला की धार जाड, कमी झाला की बारीक. सगळी चढउतार ती धार पचवते. तिसरा पाइप कोरडा. दुसऱ्या पाइपाच्या टोपीला हवेची एक बारीक नळी असते, तिचं तोंड पाण्याच्या जरा वर. सायफन तुंबला, पातळी चढली, नळीचं तोंड बुडलं, की हवा बंद होऊन दुसरा पाइपच सायफन होतो. त्यातूनही पाणी चढलं तर तिसरा कोसळत्या आवाजानं सगळ्या घराला उठवतो. ही मांडणी ज्यानं केली त्यानं पाइप जुळवले नाहीत, न जुळण्याची सोय केली. दोनच भोकं असलेल्या टाकीत आणीबाणीच्या पाइपातून धार सोडावी की नाही, यावर जाणते भांडतात. मी सोडतो. त्या पाइपात कधीच पाणी गेलं नाही तर तो उघडा आहे की गोगलगायीनं बंद केलाय, हे कळायचं कसं?

व्हॉल्व्ह घ्यावा तो गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्हची मूठ केसभर हलली की पाणी कितीतरी बदलतं. गेट व्हॉल्व्हला पाच-सात फेरे असतात, पाव फेऱ्यानं काम होतं. मात्र तो पीव्हीसीचा हवा. हार्डवेअरच्या दुकानात पितळेचा निम्म्या किमतीत मिळतो, पण पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात सुटणारं तांबं प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना विष आहे. पाइपाचं खालचं टोक संपाच्या पाण्यात दोनेक सेंटिमीटरच बुडवावं. जास्त बुडवलं तर सुरू होताना आतली हवा बाहेर पडत नाही आणि पाइप हवा धरून बसतो. फिरवताना घाई करू नये. पाव फेरा, मग दहा मिनिटं दुसरं काही काम.

वीज गेली की सगळा हिशेब उलटा होतो. 2012 च्या ऑक्टोबरात सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा कित्येक घरांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. अशा वेळी मासे वाचवणारा असतो बॅटरीवरचा हवापंप. पण पूर यायचा तो पहिल्या दोन मिनिटांतच येऊन जातो. 120 बाय 60 च्या टाकीत 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे 7.2 लिटर. काठावरचा 8 मिलिमीटरचा थर, जवळजवळ 6 लिटर, खाली येतो. परतीच्या पाइपाचं तोंड काठाखाली 3 सेंटिमीटर बुडालेलं असेल तर तोच पाइप उलटा सायफन होऊन आणखी जवळजवळ 22 लिटर ओढतो. त्यात कप्प्यातलं आणि पाइपांतलं पाणी. संपात 35 लिटरांची मोकळी जागा नसेल तर फरशी ओली. इथे लोक उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवून निश्चिंत होतात. त्याच्या झडपेत शंखाचा एक तुकडा अडकला की तो शोभेचा. पाइपाचं तोंड पृष्ठभागाजवळ आणावं आणि संपात जागा सोडावी. रिकामी जागा बिघडत नाही.

उलट बाजूचा अपघात म्हणजे सगळे पाइप तुंबणं. रात्री फिरायला निघालेलं समुद्रफूलही पाइपात जाऊन बसतं. तेव्हा पंप शेवटच्या कप्प्यात आहे तेवढंच पाणी वर नेऊ शकतो. कप्प्यात 20 लिटर असतील तर वरची पातळी पावणेतीन सेंटिमीटर चढेल; काच पाण्यावर 4 सेंटिमीटर असेल तर पंप कोरडा चालून जळेल, पण थेंब सांडणार नाही. म्हणून पंपाचा कप्पा मोठा असावा, या सल्ल्याशी माझं पटत नाही. त्यातही एक गोम आहे. गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र त्याच कप्प्यात डोळा लावून बसलेलं असतं. पाइप अर्धवट तुंबून वरची पातळी सेंटिमीटरभर चढली की खाली 7.2 लिटर कमी होतात. यंत्राला वाटतं बाष्पीभवन झालं, आणि ते तेवढंच गोडं पाणी ओततं. सगळं मिळून 400 लिटरांच्या व्यवस्थेत खारेपणा हजारी 35 वरून 34.4 वर येतो. एकदा झालं तर प्रवाळ सोसतं. सतत होऊ लागलं की नाही, आणि मालक दोष देतो मिठाला. त्या यंत्राची गोड्या पाण्याची बादली मी लहान ठेवतो, ती याच कारणानं.

या दोन्ही परीक्षा टाकीत नुसतं पाणी असतानाच घ्याव्यात. प्लग काढून बघायचं, मग पाइप हातानं बुजवून बघायचं. नंतर मासे आल्यावर कोणाचा धीर होत नाही.

पुढे दोन कामं उरतात. काठावरचं शेवाळ घासणं, आणि पंप काढून व्हिनेगरमध्ये भिजत घालणं. पंपाच्या पात्यांवर चुन्याचा थर इतका हळू बसतो की कमी झालेलं पाणी ध्यानात येत नाही, दुसऱ्या पाइपातली धार तेवढी आटलेली दिसते. धुऊन लावलेला पंप नव्यासारखा जोर करतो आणि त्या संध्याकाळी दुसरा पाइप पुन्हा गुडगुडू लागतो. मग गेट व्हॉल्व्ह पाव फेरा उघडायचा.