केंटकीला समुद्र नाही

18 जून 1812 रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ज्या सत्तेच्या जोखडातून सुटका झाली, तिने स्वातंत्र्य मान्य करून तीस वर्षंही उलटली नव्हती. मुख्य तक्रारी समुद्रावरच्या. नेपोलियनशी झुंजणाऱ्या ब्रिटिश आरमाराला माणसं कमी पडत. पळालेले खलाशी शोधण्याच्या नावाखाली ते अमेरिकी व्यापारी जहाजं अडवून हजारो अमेरिकी खलाशी जबरदस्तीने उचलून नेई. 1807 मध्ये तर 'लेपर्ड' या ब्रिटिश युद्धनौकेने व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ 'चेसापीक' या अमेरिकी युद्धनौकेवरच तोफा डागल्या आणि चार खलाशी उतरवून घेतले. वर युरोपशी व्यापार कुणी, कसा करायचा हे लंडनचं मंत्रिमंडळ फर्मानं काढून ठरवत होतं.

मग युद्धाची हाक बंदरांतून यायला हवी होती. अमेरिकेचा इतिहास शिकवताना या विषयावर आलो, की पुढाऱ्यांची भाषणं बाजूला ठेवून प्रतिनिधीगृहातल्या मतदानाची यादी मी वर्गात आधी वाचायला देतो. बाजूने 79, विरोधात 49. कनेक्टिकटची सातही मतं विरोधात, ऱ्होड आयलंडची दोन्ही विरोधात, न्यूयॉर्कच्या चौदांपैकी अकरा विरोधात. ज्यांची जहाजं लुटली जात होती त्यांना युद्ध नको होतं, कारण अडथळे सोसूनही त्यांचा व्यापार चालत होता; युद्धात तोही बुडाला असता. उलट ज्या केंटकीला समुद्र नाही, तिची पाचही मतं युद्धाच्या बाजूने. टेनेसीची तिन्ही तशीच.

याचं सोपं उत्तर म्हणजे जमिनीची हाव. ज्युलियस प्रॅट यांनी 1925 मध्ये ते ग्रंथरूपाने मांडलं आणि पाठ्यपुस्तकांत ते रुजलं. त्यात तथ्य आहे. शॉनी नेता टेकम्से मूलनिवासी जमातींची एकजूट बांधत होता, नोव्हेंबर 1811 मध्ये टिपेकनूला लढाई झाली, आणि या जमातींना बंदुका कॅनडातले ब्रिटिश पुरवतात असं सीमेवरचा प्रत्येक गोरा शेतकरी धरून चालला होता. टेनेसीचा फीलिक्स ग्रंडी याचे तीन भाऊ मूलनिवासींशी झालेल्या चकमकींत मारले गेले होते. त्याचा राग नाटकी नव्हता.

पण यादी पुन्हा मोजा. केंटकी, टेनेसी आणि ओहायो मिळून मतं होतात नऊ. एकट्या पेनसिल्व्हेनियाने सोळा दिली, व्हर्जिनियाने चौदा. या प्रतिनिधींच्या मतदारांना कॅनडाच्या जमिनीचं काय सुख होतं? प्रॅट यांचं उत्तर मला इथे अपुरं वाटतं. रॉजर ब्राउन यांनी 1964 मध्ये दिलेलं उत्तर अधिक पटतं: हे राज्य टिकतं की नाही, ही त्या माणसांच्या मनातली खरी भीती होती. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाने युद्ध टाळण्यासाठी व्यापारबंदीचं हत्यार वापरून पाहिलं होतं. आधीचा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन याच्या बंदीने अमेरिकेचीच बंदरं ओस पडली, ब्रिटन जागचं हललं नाही. आता मुकाट्याने सोसायचं किंवा लढायचं, एवढंच उरलं होतं. सोसलं असतं तर प्रजासत्ताकाला स्वतःचं रक्षण करता येत नाही हे विरोधकांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि पक्षही गेला असता.

त्यात पिढी बदललेली. केंटकीचा हेन्री क्ले प्रतिनिधीगृहात आला त्याच दिवशी, चौतिसाव्या वर्षी, सभापती झाला. त्याने परराष्ट्र समितीत पोर्टर, कॅलहून, ग्रंडी ही आपल्या मताची माणसं बसवली. कॅलहून जेमतेम तिशीला टेकलेला. स्वातंत्र्ययुद्ध लढले ते यांचे वडील. यांच्या वाट्याला आयतं स्वातंत्र्य आलं होतं आणि ते आपणही राखू शकतो हे दाखवण्याची तहान होती. कॅनडा त्यांच्यापैकी अनेकांना ओलीस म्हणून हवा होता. समुद्रावर ब्रिटनला हात लावणं शक्य नव्हतं, जमिनीवर होतं.

मला त्यांचा राग येतो तो वेगळ्या कारणासाठी. राष्ट्राच्या इभ्रतीची भाषा करणाऱ्या याच सभागृहाने जानेवारीत नव्या युद्धनौका बांधण्याचा प्रस्ताव फेटाळला आणि युद्ध पुकारूनही नवे अंतर्गत कर पुढे ढकलले. सरकारला कर्ज देऊ शकणारी राष्ट्रीय बँक आदल्या वर्षीच बंद पडली होती, आणि ती बंद पडावी म्हणून सिनेटमध्ये बोललेल्यांत खुद्द क्ले होता. खर्चाला नकार देऊन युद्धाला होकार देणं हा माझ्या लेखी बेजबाबदारपणाच आहे. त्याची किंमत ऑगस्ट 1814 मध्ये राजधानीने मोजली, ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं तेव्हा.

24 डिसेंबर 1814 रोजी गेंट इथे तह झाला. सही करणाऱ्या पाच अमेरिकनांत क्ले होता. ज्या खलाशांसाठी युद्ध, त्यांच्याबद्दल तहात एक शब्द नाही.

पदरात पडलं ते जमिनीवर. 1814 मध्ये क्रीक जमातीकडून सुमारे 2 कोटी 30 लाख एकर जमीन लिहून घेतली गेली. त्याआधी, ऑक्टोबर 1813 मध्ये, टेकम्से लढताना पडला होता आणि त्याची एकजूट फुटली होती. केंटकीच्या त्या पाच मतांपैकी एक रिचर्ड जॉन्सनचं होतं. टेकम्सेला त्यानेच मारलं, असं त्याचे समर्थक निवडणुकांत सांगत राहिले. 1837 मध्ये जॉन्सन अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला.