तगर आपल्या उशाशी आहे, आणि आपण झोपलोय

लातूरकर, नांदेडकर, धाराशिवकर मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. पण वाचा.

ताजिकिस्तानात डोंगराच्या कुशीत पंजिकेंत नावाचं गाव आहे. तिथं सोग्दियन व्यापाऱ्यांचं जुनं शहर होतं. १९४० च्या दशकात तिथं उत्खनन सुरू झालं ते पिढ्यान् पिढ्या चाललं. बोरिस मार्शाक या संशोधकानं अख्खी हयात तिथं घातली आणि २००६ साली त्याच मातीत देह ठेवला. काय सापडलं? घरांच्या भिंतींवर रंगवलेल्या आपल्या पंचतंत्रातल्या गोष्टी! व्यापाराच्या वाटेनं माल जातो, तशा गोष्टीही जातात.

आता आपलं बघा. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. बरोबरच आहे. पण गोरोबाकाकांच्या हजारभर वर्षं आधी हे गाव ‘तगर’ म्हणून सातासमुद्रापार माहीत होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये लिहिलंय, भडोचहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरचं कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जायचं. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिलं. इथं सापडलेल्या हस्तिदंती बाईची जवळची बहीण थेट इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ साली सापडली.

तेरमध्येही उत्खननं झाली. १९५८ ला झालं, साठच्या दशकात पुन्हा झालं. पण आपल्याकडं खोदकाम म्हणजे पावसासारखं. आलं तर आलं.

गावाच्या एका माणसानं मात्र वाट बघितली नाही. रामलिंगप्पा लामतुरे यांनी मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या अशा हजारो वस्तू जमवल्या. आज तेरचं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावानं उभंय. ते नसते तर हे सगळं कुठं गेलं असतं, विचार करा.

पण एक गोष्ट समजून घ्या. खिशातला मणी हा नुसता मणी असतो. मातीच्या थरात, जागेवर सापडलेला मणी शतक सांगतो, शेजारी कोण राहायचं ते सांगतो. आपल्याकडं जुन्या पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतात. शेतकऱ्याला दोष देत नाही मी. पीक जोमात येतं म्हणून तो नेतो. त्या मातीत काय आहे, हे त्याला कुणी घरी जाऊन सांगितलंय का? पांढरीवर ज्याचं घर आहे, त्यानं पाया खोदायचाच नाही का? त्याच्याशी बोलायला हवं, नुसती नोटीस लावून भागत नाही.

वीस वर्षं बातमीदारी करतोय. क्लासेसचे निकाल आणि पाणीटंचाई यापलीकडं आपला भाग बातमीत येत नाही. म्हणून साध्या तीन गोष्टी मागतो. पाया खोदताना काही निघालं तर संग्रहालयात कळवा. जुनी नाणी मागत फिरणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. आणि शाळांनो, यंदाची एक तरी सहल तेरला काढा. लातूरहून रेल्वेसुद्धा आहे.

सरकारकडं मागणं एकच: दरवर्षी थोडं, पण दरवर्षी खोदा.

पटलं तर आपल्या सरपंचांना, गुरुजींना पाठवा.