दोघांसाठीची खोली

आमच्या लग्नाला २७ वर्षं झाली, पण दोघंच असे आम्ही कुठे गेलो नव्हतो. एकत्र गेलो ते कुणाच्या लग्नाला, मयतीला, नाहीतर दवाखान्यात. यंदा डिसेंबरात मुलीनेच हट्ट धरला, "अब्बू, अम्मीला घेऊन दोन दिवस कोकणात जाऊन या."

मोबाईलवर शोधलं तर 'फक्त जोडप्यांसाठी' अशा कॉटेजची रांगच दिसली. मागे डोंगर, पुढे समुद्र, अंगणात झोपाळा. पहिल्या ठिकाणी फोनवर सगळं ठरलं. नाव सांगितलं आणि खोली अचानक भरलेली निघाली. याचं आता नवल वाटत नाही. बायको शेजारी बसून ऐकत होती, त्याचं मात्र वाईट वाटलं. मग एका मित्राने हर्णैजवळच्या एका घराचा नंबर दिला.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मंडणगड, दापोली करत पोहोचलो. जांभ्या दगडाचं कौलारू घर. मागे आंबा-काजूचा डोंगर, पुढे माडांच्या पलीकडे समुद्र आणि त्यात उभा सुवर्णदुर्ग. घर चालवणारी बाई सत्तरीच्या पुढची. आम्ही तिला खाला म्हणू लागलो. तिच्याकडे येणारी जोडपी बहुतेक पुण्या-मुंबईची, हिंदू. शाकाहारी पाहुण्यांसाठी तिने भांडी वेगळी ठेवली आहेत. नाव ऐकून तिने आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहून आलो. रात्री जेवणं झाल्यावर पडवीत बसलो होतो. बायको म्हणाली, "खाला, आमची खोली फार छान आहे. आधी तुमचीच होती का?"

खाला हसली. "माझी कुठली? तिथे भाताच्या कणग्या होत्या. घरात चौदा माणसं. हे सुटीवर आले की सासू कणग्या सरकवून आमच्यापुरती जागा करायची."

कोकणातले मुसलमान आधी मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी व्हायचे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताची वाट मोठी झाली. खालाचा नवरा १९७७ साली सौदीला गेला. दोन वर्षं काम, मग दोन महिने सुटी.

"२८ वर्षं नोकरी केली त्यांनी," खाला म्हणाली. "मी हिशेब घालून ठेवलाय. २८ वर्षांत २८ महिने आम्ही एकत्र होतो. कायमचे परत आले आणि चार वर्षांत गेले. हे घर त्यांच्याच पैशांतून वाढलं. नणंदांची लग्नं झाली, दिरांची शिक्षणं झाली. आमच्या दोघांची खोली तेवढी राहून गेली."

पाहुणे ठेवायचं ठरलं तेव्हा तिने सगळ्यात आधी कणग्यांची खोली रिकामी केली. "जोडपी येतात, दार लावून निवांत राहतात. मला बरं वाटतं," एवढं बोलून ती उठली.

आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. कारण आमचा मुलगा दोहाला आहे आणि मार्चमध्ये त्याचं लग्न धरलं होतं. बायकोला तिकडे न्यायचं तर पगार ठरावीक रकमेच्या वर लागतो. त्याचा अजून तेवढा नाही. तोवर सून आमच्याकडे राहील, असं आम्ही सहज ठरवून टाकलं होतं. आम्हाला सोबत होईल, घर भरलेलं वाटेल, असंही बोललो होतो. त्या मुलीला काय वाटेल, हा प्रश्न आमच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. आमच्याकडे सुनेच्या सब्रचं कौतुक फार. ती सब्र तिच्याकडून मागण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, हे कुणी विचारत नाही.

सकाळी फज्रनंतर बायकोने अंगणातूनच मुलाला फोन लावला. "बेटा, लग्न पुढे ढकलू. तिला बरोबर नेता येईल तेव्हा कर, नाहीतर इकडे येऊन नोकरी बघ. तिच्या घरच्यांशी मी बोलते." पलीकडे बराच वेळ वादावादी चालली होती. ती मागे हटली नाही.

निघताना पैसे दिले तर खालाने शंभराची नोट बायकोच्या मुठीत परत कोंबली. "सुनेला दे. आणि दोघांना मिळून एकदा इकडे पाठव."

ती नोट कपाटात तशीच ठेवली आहे.